सत्तेचाळीस नंबरचा दिवा

तीन दिवस गीझर बंद होता आणि दुरुस्तीवाल्याऐवजी घरी पत्र आलं. काकूंनी ते वाचलं, चष्मा लावून पुन्हा वाचलं आणि काकांच्या हातात दिलं. ग्राहकाच्या निधनाबद्दल गीझर कंपनीला अतीव दुःख झालं होतं आणि ग्राहक क्रमांक दोनशे चारची सेवा आजपासून थांबवण्यात येत होती. दोनशे चार म्हणजे खुद्द काका.

"तुमच्याच कंपनीचं आहे," काकू म्हणाल्या. "भाषाही तुमचीच दिसतेय."

भाषा काकांचीच होती. हा मजकूर त्यांनीच सव्वीस वर्षांपूर्वी प्रोग्राममध्ये घातला होता. आपल्याच शब्दांत आपलं सांत्वन वाचल्यावर कोणाचंही डोकं फिरेल. थंड पाण्याने आंघोळ उरकून काका तणतणत ऑफिसला निघाले.

कंपनीच्या मधल्या आकाराच्या संगणकावरचा ग्राहकसेवेचा प्रोग्राम काकांनी एकहाती लिहिला होता. त्यात नव्व्याण्णव दिवे होते. खरे दिवे नव्हेत, प्रोग्रामच्या पोटातल्या खुणा. एक तर पेटलेल्या, नाहीतर विझलेल्या. बाराचा पेटला की तक्रार आली, तीसचा पेटला की ग्राहक चिडला, सत्तेचाळीसचा पेटला की ग्राहक वारला. कोणता दिवा कशाचा, हे काकांच्या डोक्यात होतं आणि दुसरीकडे कुठेही लिहिलेलं नव्हतं. म्हणून तर सगळे त्यांना दिवेकाका म्हणत. शुक्रवारी ते निवृत्त होणार होते. आपल्यामागे प्रोग्रामला कोणी हात लावू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. साहेब ते गुरुवारी ठरवणार होते, आणि आज गुरुवार होता.

आडव्या आल्या होत्या त्या नव्या प्रोग्रामर बाई. दिव्यांना नंबर नकोत, नावं द्या, असं त्यांचं म्हणणं. वर प्रोग्रामने यादीतला पुढचा ग्राहक हाती घेताना सत्तेचाळीस आधी विझवा, हा आग्रह. काकांनी मागच्याच आठवड्यात त्यांना विचारलं होतं, "मेलेला माणूस परत येतो का? मग विझवायचा कशाला?" काकांच्या लेखी वाद तिथेच मिटला होता.

ऑफिसात तिन्ही फोन एकदम वाजत होते. एकशे एकोणीसपासून यादीतल्या शेवटच्या चारशे तीसपर्यंत तीनशे बारा ग्राहक एका फटक्यात वारले होते, आणि बरेचसे स्वतःच फोन करून भांडत होते. खरा वारला होता फक्त एकशे अठरा. जुना कारकून मयत ग्राहक यादीच्या तळाशी टाकायचा, त्यामुळे दिवा पेटला तरी त्याच्याखाली कोणी नसायचं. नव्या कारकुनाने यादी क्रमांकाप्रमाणे नीट लावली होती.

"नीट लावायला सांगितलं कोणी?" काका कडाडले.

बाई शांतपणे म्हणाल्या, "दिवा माणसाचा नसतो, काका, प्रोग्रामचा असतो. एकशे अठराने पेटवला, तो पुढच्या सगळ्यांना लागला."

काकांना हे पटलं, याचाच त्यांना जास्त संताप आला. त्यांनी दिवा विझवणारी एक ओळ घातली. पण मेलेले उठेनात. मयत ग्राहकाची नोंद कोणालाही पुन्हा उघडता येऊ नये, असा पक्का बंदोबस्त काकांनीच करून ठेवला होता. शेवटी मेलेल्याला परत आणणारा दिवा त्यांनाच लिहावा लागला.

"नंबर कोणता देऊ?" बाईंनी विचारलं.

"नंबर नको," काका कसेबसे म्हणाले. "नाव द्या."

दुपारी साहेब निर्णय द्यायला आले तेव्हा काकांनीच सांगितलं की प्रोग्राम बाई बदलतील. मग ते बाईंशेजारी बसून एकेका दिव्याचा अर्थ सांगू लागले आणि बाई नावं देत गेल्या. बासष्टपर्यंत गाडी सुरळीत चालली.

"त्रेसष्ट?"

काकांनी पडद्यावरच्या ओळी वरखाली चाळल्या. सव्वीस वर्षं तो पेटलेला होता.

"कशाचा आहे, काका?"

"आठवत नाही," काका चिडून म्हणाले. "पण विझवू नका. काय बंद पडेल, सांगता येत नाही."

बाईंनी वाद घातला नाही. शुक्रवारी काका घरी गेले, गीझरही सुरू झाला. नव्या प्रोग्राममध्ये प्रत्येक दिवा आता वेळेवर विझतो. एकच तेवढा अजून पेटलेला आहे, त्याचं नाव बाईंनी 'काका' ठेवलं आहे आणि त्याला हात लावायची कोणाची टाप नाही.