मागं कोन हाय?

धोंडीबापू टीव्हीतल्या खेळाडूंना शीळ घालतात. दोन बोटं तोंडात घालून, मेंढरं वळवायला घालतात तशी. नेमका तेव्हाच एखादा खेळाडू वळला, की ते ऐटीत माझ्याकडे बघतात. आमच्या पासली गावची शीळ मुंबईच्या मैदानात पोचली, याची जणू मीच साक्षीदार.

नातवंडांनो, तुम्ही तिकडे न्यूझीलंडमध्ये रग्बी खेळता, म्हणून यंदा मी ही स्पर्धा लावून बसले. खाजगी मालकांचे संघ, एका बाजूला सातच खेळाडू, आणि चहा निवायच्या आत सामना आटोपतो. भोरच्या कॉलेजात जन्मभर इंग्रजी शिकवलं, पण या खेळाचे नियम मला अजून नीट उमगलेले नाहीत. बापूंना ते पहिल्याच संध्याकाळी उमगले, असं बापूंचं म्हणणं.

बापू वरच्या धनगरवाड्यावरचे. मोबाईल चार्जिंगला लावायला म्हणून आले आणि ओसरीच्या पायरीवर बसले ते बसलेच. काखेत एक कोकरू, आई मेलेलं, बाटलीच्या दुधावर वाढणारं. आल्या आल्या त्याने माझं अर्धवट सुटलेलं शब्दकोडं खाल्लं, उभ्या-आडव्या शब्दांसकट.

“ही तांबडी कुनाची?” बापूंनी विचारलं.

“एका कंपनीची.”

“आन् निळी?”

“दुसऱ्या मालकाची. पण खेळाडू देशोदेशींचे आहेत. तांबड्यांतला तो उंच आहे ना, तो फिजीचा.”

“फिजी कुठं आलं?”

“समुद्रात.”

“म्हंजी कोकनातच की!”

बापूंच्या मेंढरांच्या पाठीवर तांबड्या रंगाची खूण असते. त्यामुळे तांबडा संघ आपला, हे तिथल्या तिथे ठरलं. खेळाडू डोक्याला डोकी लावून एकमेकांना रेटू लागले, तेव्हा मी जरा घाबरले. बापू म्हणाले, “काय न्हाई वो बाई, ऊन लागलंय. मेंढरंबी अशीच डोकी आत घालून उभी ऱ्हात्यात.”

मला त्यातला एक नियम मात्र फारच चमत्कारिक वाटे. पळायचं पुढे, पण हातातला चेंडू द्यायचा तो फक्त मागच्याला.

“लई बराबर हाय,” बापू म्हणाले. “कोकनात उतरताना म्या पुढं, हिराबाय मागं. दमलेलं कोकरू दिसलं की म्या उचलायचं आन् न बगता मागं द्यायचं. ती घ्यायाचीच. कवा पडू दिलं न्हाई.”

हिराबाई गेल्या हिवाळ्यात गेल्या. पण बापूंची एक सवय राहिली. कुणीही आलं की ते विचारतात, “मागं कोन हाय?” पोस्टमनला विचारतात, एसटीच्या कंडक्टरला विचारतात. मी स्वयंपाकघरातून चहा घेऊन आले, की मलाही विचारतात. मी एकटी राहते, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे.

त्यांचा मुलगा शिवऱ्याला असतो, टेम्पो चालवतो. तो म्हणतो, “आबा, मेंढरं इका आन् हितं या.” त्याने गिऱ्हाईकही ठरवलं. तांबडा संघ अंतिम सामन्यात पोचला होता, आणि त्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते येणार होतं. बापूंनी मला गंभीरपणे सांगितलं, “तांबडी जितली तर कळप ठेवायचा. हारली तर इकायचा.”

“बापू, असल्या गोष्टी खेळावर ठरवतात का?”

“मंग कशावर ठरवू? ल्योक म्हनतो इका. गुडघं म्हनत्यात इका. येक तरी माज्या बाजूनं बोलंल म्हनून बगतोय.”

अंतिम सामन्याच्या संध्याकाळी दरीतलं धुकं वर चढत ओसरीत आलं. अंगण गेलं, फाटक गेलं, समोरचा डोंगर गेला. उरलं ते फक्त टीव्हीतलं हिरवं मैदान, धुक्यात तरंगणारं. त्यात ती तांबडी-निळी माणसं आवाज न करता धावत होती, कारण बापूंच्या शिळेपुढे मला दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. कोकरू माझ्या पायावर झोपलं होतं.

शेवटी शेवटी आमचा फिजीवाला सुटला. अगदी कडेने, लांब ढांगा टाकत. ओलांडली की सामना आमचा, ती रेषा जवळ आली. बापू उभे राहिले. तेवढ्यात निळ्यांनी त्याला घेरलं, आणि त्याने न बघता चेंडू मागे दिला.

मागे कुणी नव्हतं.

चेंडू गवतावर दोनदा उडाला. एका निळ्याने तो उचलून लाथेने मैदानाबाहेर भिरकावला, आणि सामना संपला.

बापूंची बोटं तोंडाशीच राहिली. मग ते हळूच म्हणाले, “त्याची चूक न्हाई, बाई. त्यानं बराबर दिलं.”

कोकरू काखेत घेऊन ते निघाले. मी फाटकापर्यंत गेले. आमच्या फाटकाला आडवे वासे आहेत, ते काढायला दोन्ही हात लागतात. बापू पुढे, मी मागे. वाशांपाशी ते थांबले आणि समोर धुक्यात बघत बघत त्यांनी काखेतलं कोकरू एका हाताने मागे धरलं. आपण काय करतोय हे त्यांना कळलं असेल, असं मला वाटत नाही.

तुम्हांला माहीतच आहे, तुमच्या आजीने जन्मात कधी चेंडू झेलला नाही. मी कोकरू घेतलं. ऊबदार होतं, दुधाचा वास येत होता, आणि त्याने लगेच माझ्या शालीचं टोक चघळायला घेतलं.

बापूंचा रिकामा हात जरा वेळ तसाच मागे राहिला. मग त्यांनी एकेक वासा काढला.

“बाई,” मागे न बघताच ते म्हणाले, “गिऱ्हाईकाला बाकी समदी दीन. ह्ये तेवडं ठिवतो.”