पाठीवरच्या बटणाची पूर्वप्रतिमा

माणसाला स्वतःची पाठ दिसत नाही, ही निसर्गाच्या कामकाजातली फार जुनी त्रुटी असून तिची दखल आजवर कोणत्याही कार्यालयाने घेतलेली नाही. ज्याची पाठ असेल ती इतरांनी पाहावी, अशी मूळ योजना असावी. पण इतरांना वेळ नसतो. याला अपवाद चार वर्षांखालील व्यक्तींचा. त्या मुळात आईच्या पाठीवरच राहायला असतात.

भिंगरी साडेतीन वर्षांची होती. (दाखल्यावर तिचं नाव वेगळं आहे, पण त्या नावाने हाक मारली तर ती ढिम्म हलत नाही.) आईच्या उजव्या खांद्यामागे एक तीळ होता. भिंगरीने तो दाबायचा, आईने 'टिंग' म्हणून घोडा व्हायचं, पुन्हा दाबला की थांबायचं, असा दोघींमध्ये करार होता. एका सकाळी आई फरशी पुसत असताना पाठीवरून आवाज आला, "आई, तुझं बटण सांडलंय."

"सांडलं म्हणजे?"

"म्हणजे बाहेर आलंय."

या निवेदनावर घरात रीतसर विचार झाला. नवऱ्याने मोबाइलच्या उजेडात पाहून "तीळच तर आहे" असा निष्कर्ष दिला. सासूबाईंना चष्मा सापडेपर्यंत दूध उतू गेलं. आईने दोन आरसे घेऊन स्वतः प्रयत्न केला, त्यात तिची मान लचकली. मग ती मोठ्या दवाखान्याच्या त्वचा-प्रतिमा विभागात गेली.

या विभागाची थोरवी सांगावी तेवढी थोडी. पूर्वी डॉक्टर संशयित तिळाचा तुकडा कापून तपासायला पाठवत. रुग्णाला एक जखम आणि आठ दिवसांनी एक उत्तर मिळे. आता यंत्र प्रकाश टाकून कातडीखालचे थर वरूनच पाहतं आणि जखम होत नाही. (उत्तराबद्दल पुढे येईल.) दारावर पाटीच होती: 'येथे सुई, सुरी, टाके नाहीत.' या गोष्टी समोरच्या खोलीत होत्या, पण त्या खोलीला पाटी नव्हती.

खिडकीवर सतरा कलमांचा अर्ज मिळाला. कलम नऊ, तिळाची वर्तणूक: शांत, चंचल, सांगता येत नाही. कलम दहा, तीळ प्रथम कोणाच्या लक्षात आला. आईने लिहिलं, 'मुलगी, वय साडेतीन.' कारकुनाने ते खोडलं.

"पाहणारा सज्ञान लागतो, ताई."

"सज्ञान माणसांनी पाहिलाच नाही हो."

"मग 'आपोआप आढळला' लिहा."

आत गारेगार मलम लावून तिला पालथं झोपवण्यात आलं. "श्वास रोखा," तंत्रज्ञ म्हणाली. तो ती सकाळपासूनच रोखून होती. आपण नसलो तर 'टिंग' कोण म्हणणार, एवढाच एक विचार तिच्या डोक्यात होता, आणि अर्जात त्यासाठी कलम नव्हतं.

डॉक्टर अतिशय एकाग्र होते. पडद्यावरून त्यांची नजर एकदाही ढळली नाही, रुग्णाकडेसुद्धा नाही.

"वा! या महिन्यात इतकी स्वच्छ प्रतिमा आली नव्हती."

"पण आहे काय ते, डॉक्टर? कर्करोग आहे का?"

"काही गोष्टी संशयास्पद आहेत, काही नाहीत. बदल होतोय का, त्यावर ठरेल. पूर्वप्रतिमा आहे? म्हणजे या जागेचा जुना फोटो?"

"पाठीचा फोटो कोण काढतं?"

"मग तीन महिन्यांनी या. तोवर आजची प्रतिमा जुनी होईल."

"आणि तेवढ्यात तो वाढला तर?"

"तर फारच छान. तुलना एकदम स्पष्ट येईल."

युक्तिवादात खोट नव्हती. ती घरी आली आणि दोन्ही मोबाइल घेऊन बसली. गेल्या साडेतीन वर्षांतले एकूण फोटो ९,४१२. पैकी भिंगरी ८,१०३. शेजारचं मांजर ६४०. चुकून निघालेली फरशी ६११. गाडीला पडलेला ओरखडा, सर्व बाजूंनी, २७. आई ३१: त्यात भिंगावर आलेला अंगठा १९, भिंगरीला मागून धरलेले हात ९, डोळे मिटलेली ३. पाठ: निरंक.

"अगं, पण फोटो तूच काढायचीस ना," नवरा म्हणाला. हे खरं होतं, त्यामुळे त्याचा काहीच उपयोग नव्हता.

"ओरखड्याचे सत्तावीस!" सासूबाई म्हणाल्या. "सूनबाई, पुढच्या जन्मी गाडी होऊन ये."

नवरा कधी नव्हे तो भिंगरीचं दप्तर आवरू लागला. त्यात तिच्या बालवाडीची चित्रं निघाली. बालवाडीच्या बाई शिस्तीच्या. प्रत्येक चित्राच्या मागे तारखेचा शिक्का, शिक्क्यात ससा. अकरा चित्रं, सगळी एकाच विषयावर: आई, मागून. आई बहुतेक वेळ ओट्यापाशी उभी असल्याने चित्रकर्तीला तिची हीच बाजू सवयीची होती. केसांचा गोळा, दोन काटक्या हात आणि उजवीकडे बटण. पहिल्या सात चित्रांत बटण काळं आणि गोल. आठव्यात त्याच्या शेजारी तपकिरी रंग आला. अकराव्यात त्याला एक पाय फुटला होता.

"इथे तुझा रंग सांडला का गं?" आईने विचारलं.

"माझा नाही," भिंगरी चिडून म्हणाली. "तुझंच सांडलंय. मी बघून काढलं!"

दुसऱ्या दिवशी खिडकीवर खळबळ उडाली. पण नियमावलीत 'दिनांक व शिक्का असलेली प्रतिमा' एवढंच लिहिलेलं होतं, कॅमेऱ्याचा उल्लेख नव्हता. शिक्का पाहताच कारकुनाचा आवाज खाली आला. नोंद झाली. यंत्राचा प्रकार: मेणखडू. कापाकापी: नाही. प्रतिमाकाराच्या वयाचा रकाना या फॉर्मात नव्हता.

यंत्राने मेणखडू वाचायला नकार दिला. नाइलाजाने डॉक्टर उठले. त्यांनी अकरा चित्रं तपासणीच्या खाटेवर तारखेनुसार मांडली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "जरा मागे वळता का?" मग त्यांनी तिच्या पाठीकडे पाहिलं. डोळ्यांनी.

"हे पसरतंय," ते म्हणाले. "तीन महिने थांबायचं नाही."

त्याच आठवड्यात समोरच्या, बिनपाटीच्या खोलीत तीळ काढला. कर्करोगच होता, पण नुकता सुरू झालेला, पातळ, सगळा निघाला. आता दर सहा महिन्यांनी दाखवायला जायचं. विभागाच्या वार्षिक अहवालात 'प्रतिमांच्या तुलनेवरून वेळेत निदान: एक' अशी नोंद झाली असून श्रेय यंत्राला देण्यात आलं आहे.

घरी भिंगरीने पट्टीभोवती बोट फिरवलं. "बटण कुठंय?"

"काढलं."

"मग घोडा कसा चालू होणार?"

आईने कोपर पुढे केलं. भिंगरीने दाबलं.

"टिंग," आई म्हणाली. मग पट्टी सांभाळत ती घोडा झाली.

वाचकांना नम्र विनंती की हे वाचून होताच त्यांनी आपला मोबाइल उघडावा आणि या क्षणी घरात जी व्यक्ती त्यांच्याकडे पाठ करून काहीतरी करत उभी आहे, तिचे फोटो मोजावेत. घाई नाही. न सापडल्यास तीन महिन्यांनी पुन्हा शोधावेत. गाडीचा ओरखडा मात्र लगेच सापडेल.