बिराजदार सरांच्या गाडीचं तेल

बिराजदार सरांच्या गाडीतून गळणारं तेल बोलायला लागलं, तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून नोटीस मलाच काढावी लागली.

तेल बोलतं यात नवं काही नव्हतं. इंजिन चालू असताना गाडीत जे बोललं जातं ते तेलात उतरतं, आणि तेलाचा थेंब जमिनीवर पडला की ते एकदा ऐकू येतं. एकदाच. म्हणून तर लोक वेळच्या वेळी तेल बदलतात. सर मात्र शिस्तीचे. छत्तीस वर्षं त्यांनी सोलापुरात गणित शिकवलं. त्यांची गाडी गळेल असं कोणालाच वाटलं नव्हतं.

पहिल्या आठवड्यात किरकोळ वाक्यं पडली. "गव्हाचं दळण राहिलंच." "तुमच्या बहिणीला मी काय कमी केलं?" मुलं खेळ सोडून गाडीभोवती उकिडवी बसायला लागली. तळमजल्यावरच्या दोघांनी लेखी तक्रार दिली. मग मी नोटीस लिहिली : "वाहनतळावर खासगी बोलणे गळू देऊ नये. पंधरा दिवसांत दुरुस्ती करावी."

नोटीस घेऊन मी वर गेलो. दार सुमंगलावहिनींनी उघडलं. सरांनी कागद दोनदा वाचला.

"मी खाली पत्र्याचा डबा ठेवतो," सर म्हणाले.

"डब्यात पडलं तरी ऐकू येतंच, सर."

"मग भुसा टाकतो."

"अहो, मेस्त्रीकडे न्या ना," वहिनी म्हणाल्या. "एवढं काय आहे त्यात?"

सरांनी नोटिशीची घडी घालून खिशात ठेवली. शेवटी वहिनींनीच मला बरोबर यायला सांगितलं. रविवारी दुपारी आम्ही तिघं सिकंदर मेस्त्रीच्या गॅरेजमध्ये गेलो.

सिकंदर मेस्त्री पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. काम करताना तो रेडिओ मोठ्याने लावतो, परक्या घरचं बोलणं कानावर पडू नये म्हणून. त्याने इंजिनावरचं झाकण उघडलं आणि रेडिओ बंद केला. आत डांबरासारखा काळा गाळ थरावर थर बसला होता. स्क्रूड्रायव्हर त्यात उभा राहिला.

"सर, तेल कधी बदललं होतं?"

"कमी झालं की वरून घालतो."

"ते नाही विचारलं. बदललं कधी?"

सर हात पुसायच्या चिंधीकडे बघत म्हणाले, "चौदा वर्षं झाली."

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. चौदा वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा महांतेश गेला होता. मंतू म्हणायचे त्याला. पुण्याला इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला, सरांनी त्याला याच गाडीतून स्टँडवर सोडलं, आणि पाचव्या दिवशी तो तिथल्या दवाखान्यात तापाने गेला. त्या प्रवासात तो काय बोलला हे वहिनींनी सरांना पुष्कळदा विचारलं होतं. सर म्हणायचे, "काही नाही. रस्त्यात गर्दी होती."

मेस्त्री म्हणाला, "हा गाळ धुऊन काढायला पाहिजे, नाहीतर इंजिन जाम होईल. पण आधीच सांगतो, गाळ निघाला की गळती वाढेल. जुन्या इंजिनात फटी गाळानंच बुजलेल्या असतात. नवीन सील टाकतो, पण खात्री देत नाही."

"नको," सर म्हणाले. "राहू दे तसंच. गाडी मी चालवणारच नाही."

"धुवा," वहिनी म्हणाल्या.

मेस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. मी आरसी बुक मागितलं आणि वाचलं. गाडी वहिनींच्या नावावर होती. निर्णय त्यांचा होता. तसं मी सांगितलं.

मेस्त्रीने गाळ विरघळवायचं पातळ तेल ओतलं आणि गाडी दहा मिनिटं चालू ठेवली. आम्ही कोणी आत बसलो नाही. मग त्याने खाली ट्रे सरकवला, बोल्ट सैल केला आणि बाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.

आधी बरंच काही पडलं. लग्नांचे पत्ते, भाजीचे भाव, सरांचं एकट्याने पाढे म्हणणं. मग धार दाट झाली आणि एक कोवळा, घोगरा आवाज आला.

"बाबा, अंगात कणकण आहे. परवा गेलो तर चालेल?"

वहिनी खाली जमिनीवर बसल्या.

"पहिल्याच दिवशी गैरहजर?" हा सरांचा आवाज. "माझ्या वर्गात असली नाटकं चालायची का?"

"नाही."

"मग?"

"बरं, जातो. आईला सांगू नका पण. काळजी करत बसेल."

त्यानंतर हॉर्न, आणि "काच वर घ्या बाबा, धूळ येतेय." मग धार बारीक झाली. तेवढंच होतं.

वहिनींनी ट्रे दोन्ही हातांनी उचलला आणि तेल शेजारच्या रिकाम्या बादलीत ओतलं. सावकाश, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत. काही ऐकू आलं नाही. त्यांनी बादलीतून परत ट्रेमध्ये ओतलं. सर म्हणाले, "सुमंगला, एकदाच ऐकू येतं." तिसऱ्यांदा ओतल्यावर त्यांनी ट्रे खाली ठेवला. पदराला तेल लागलं होतं.

"म्हणून बदलत नव्हता?"

"त्याचा आवाज होता त्यात," सर म्हणाले. "आणि माझाही होता."

मेस्त्रीने नवीन सील बसवलं, नवीन तेल भरलं. परतताना मी मागे बसलो. गाडी बाजारापर्यंत आली. मग वहिनींनी आपल्या बाजूची काच वर घेतली.

"इंजिन चालू आहे ना?"

"आहे," सर म्हणाले.

"त्या दिवशी सकाळी त्यानं मलाही सांगितलं होतं. स्वयंपाकघरात. मी डबा भरत होते. कपाळाला हात लावून बघितला, तापलं होतं. म्हटलं, गोळी घे आणि बाबांपुढे विषय काढू नकोस, चिडतील. लाडू दिले आणि पाठवलं." त्या थांबल्या. "चौदा वर्षं मला वाटत होतं, तुम्हाला काहीच माहीत नाही."

सरांनी गाडी एका बंद दुकानासमोर कडेला घेतली. हात स्टिअरिंगवरच होते आणि खांदे हलत होते. वहिनींनी बाजूला वाकून त्यांचा चष्मा काढला आणि आपल्या मांडीवर ठेवला.

"अजून बोल," सर म्हणाले. "लाडू कसले होते?"

"शेंगांचे."

मी दार हळूच उघडून उतरलो. घर दोन किलोमीटर होतं, चालत गेलो. वळणावरून मागे पाहिलं तेव्हा काचा बंद होत्या, दोघं बोलत होते, आणि सरांनी इंजिन बंद केलेलं नव्हतं.