सबनीसांची ग्रीक काकडी

आमच्या धायरीतल्या सोसायटीत, माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये सबनीस राहतात. भाजीला जाताना ते पिशवी विसरतील, चष्मा विसरतील, वेळप्रसंगी चप्पलही विसरतील. जाडी मोजायचा व्हर्नियर कॅलिपर विसरणार नाहीत. कारखान्यात तेहेतीस वर्षं माल तपासायची नोकरी झाली. ते निवृत्त झाले, त्यांचं तपासणं झालं नाही. गाडीवरची काकडी उचलायची, कॅलिपरच्या जबड्यात धरायची, एक डोळा मिटायचा आणि निकाल द्यायचा, "रिजेक्ट!"

"काका, काकडी हाय ती," भाजीवाली पारूबाई म्हणते. "मशिनचा पार्ट न्हाय."

"म्हणून वाकडी चालेल?"

"सरळच हवी आसंल तर फूटपट्टी खावा की!"

सबनीस हसत नाहीत. एकदा हसले होते म्हणतात, पण तेव्हा ही इमारत बांधायची होती, त्यामुळे साक्षीदार नाही.

गेल्या एप्रिलात एका दुपारी बेल वाजली. दारात सबनीस. हातात स्टीलचं पातेलं.

"शेजारी, चव घ्या. मत नको. चव घ्या."

पातेल्यात काकडीच्या जाडजूड फोडी, टोमॅटो, कांदा, काळी ऑलिव्ह आणि वर पनीर. मी सहज म्हणालो, "कोशिंबीर का?"

माझ्या तोंडून त्यांच्या पाच पिढ्यांचा उद्धार निघाल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ग्रीक सॅलड! कोशिंबिरीत काकडी चोचवतात. इथे फोडी. अठरा मिलिमीटर. दोन्हीतला फरक कळत नसेल तर चमचा परत द्या."

त्यानंतर दीड महिना रोज बारा वाजता पातेलं यायचं. त्या उन्हाळ्यात मी इतकी काकडी खाल्ली की मला घाम यायचा बंद झाला आणि सौभाग्यवती कूलर लावण्याऐवजी माझ्याजवळ येऊन बसू लागली. रोज काहीतरी टॉलरन्सच्या, म्हणजे चालेल तेवढ्या फरकाच्या, बाहेर जायचं. फेटा नावाचं ग्रीक चीज त्यांना आपल्या पनीरपासून तयार करायचं होतं. त्यासाठी पनीर तीन दिवस मिठाच्या पाण्यात ठेवलं, तर खालच्या मजल्यावरची मांजर दार वाजवायला लागली. काकडीचं टोक कापून ते फेस येईपर्यंत घासायचं, कडूपणा जातो, हे आपल्याकडे सगळेच करतात. सबनीस मोजून साठ वेळा घासायचे. फोन वाजला तर पुन्हा एकपासून.

ऑरेगॅनोसाठी त्यांनी वरच्या मजल्यावर, हिंजवडीला कामाला जाणारी तीन मुलं राहतात, त्यांचं दार धरलं. "पिझ्झाबरोबरच्या पुड्या उरल्यात का?"

"अंकल, चिली फ्लेक्स पण घ्या ना!"

"मिरची माझ्या घरात आहे. मागितलं तेवढंच द्या."

घरातली ती मिरची म्हणजे वसुधावहिनी. त्या एवढंच म्हणायच्या, "अहो, मूठभर दाण्याचं कूट घाला, म्हणजे पदार्थ माणसांत येईल."

"ग्रीसमध्ये कूट घालत नाहीत."

"म्हणूनच त्यांच्या पुतळ्यांचे हात गळून पडलेत."

शेवटी एकदा सबनीस खाली गेलेले पाहून मी वहिनींना विचारलं, "हे खूळ कुठून आलं?"

"केतकी येतेय, भावजी."

केतकी त्यांची एकुलती एक मुलगी. सात वर्षांपूर्वी तिने ग्रीसमध्ये निकोस नावाच्या मुलाशी लग्न केलं. सबनीसांनी त्याला न पाहताच नाही म्हटलं आणि लग्नालाही गेले नाहीत. तेव्हापासून ती आईशीच बोलायची. व्हिडिओत मागे वडील दिसले की तिचं नेटवर्क जायचं.

"रविवारी साडेअकराला येतो, चहा घेतो आणि निघतो, म्हणालीय. जेवायला नाही. उतरणार हॉटेलात. ह्यांना वाटतं, जावयाच्या घरचा पदार्थ जसाच्या तसा पानात दिसला तर बसेल ती जेवायला."

त्या दिवशी मी पातेलं पुसून खाल्लं आणि एकही विनोद केला नाही. घरी सगळ्यांना वाटलं मला ताप आला.

रविवारी अकराला मला शेवटच्या चवीसाठी बोलावणं आलं. सॅलड खरोखर उत्तम झालं होतं. एकेक फोड साच्यातून काढल्यासारखी. सबनीस शर्ट बदलायला आत गेले. वहिनींचं सगळं लक्ष दाराकडे. त्यांनी आमटीसाठी केलेली फोडणी गॅसवरून उचलली, समोर काकडीचं पातेलं दिसलं, आणि चाळीस वर्षांच्या सवयीने हात वळला.

चर्र!

मोहरी, हिंग, कढीलिंब, सगळं ग्रीसवर.

"भावजी, काय केलं हो मी हे?"

अर्धी बटणं लावलेले सबनीस दारात उभे होते. आता छप्पर उडणार म्हणून मी ओट्याला धरलं. ते नुसते पातेल्याकडे बघत राहिले.

"असू दे," ते म्हणाले. "चहाच तर घेणार आहेत."

बेल वाजली. केतकी आली. मागून निकोस, पंख्याला विचारून आत यावं इतका उंच. चहा झाला.

"ट्रॅफिक होतं?" सबनीसांनी विचारलं.

"होतं," केतकी म्हणाली.

सात वर्षांचं बोलणं तिथेच संपलं. केतकीने पर्स खांद्याला लावली. निकोस कप ठेवायला वहिनींच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेला. तिथे पातेलं दिसलं. त्याने वहिनींकडे नजरेनेच विचारून एक फोड तोंडात टाकली आणि त्याच्या भाषेत केतकीला अशी हाक मारली की आम्ही सगळेच धावलो.

"अगं, ते बिघडलंय! खाऊ नका म्हणावं त्यांना!" सबनीस ओरडले.

केतकी पातेल्यात वाकून बघत होती.

"काय म्हणतोय तो?" वहिनींनी विचारलं.

"म्हणतोय, हे तर आपलं सॅलड." मग ती पहिल्यांदाच वडिलांकडे वळली. "मी तिकडे असंच करते, बाबा. फोडणी घातल्याशिवाय मला ती काकडी जातच नाही. आता त्याच्या आईलाही अशीच लागते."

तिने पर्स फ्रिजवर ठेवली.

"आई, कणीक मळलीयस ना? पोळ्या मी लाटते."

पानं मांडल्यावर मी निघालो. मला बसा असं कुणी म्हणालं नाही, आणि तेव्हा ते योग्यच होतं. चपला घालताना आत नजर गेली. निकोसच्या पानाजवळ सबनीस पातेलं घेऊन उभे होते. निकोसने पुरे अशी खूण करत पानावर हात आडवा धरला होता.

"थोडं घ्या हो, जावईबापू," सबनीस म्हणत होते. "एवढ्याने काय होतंय? घ्या ना."

निकोसला अक्षरही कळलं नसावं. त्याने हात बाजूला घेतला.