हात खाली घेतलेली पेशी

दुधवडी तालुक्यात जन्माला येणाऱ्या प्रत्येक बाळाच्या स्वादुपिंडातल्या पेशींना जन्माआधी आमच्या कार्यालयात हजर राहून नेमणुकीचा हुकूम घ्यावा लागतो. हुकमाशिवाय एकही पेशी इन्सुलिन करू शकत नाही. कार्यालय गुरांच्या दवाखान्याशेजारी आहे. मी तिथे आवक-जावक सांभाळतो. नेमणुकांचं टेबल हेमलता सोनवलकर यांच्याकडे आहे.

मार्चमधल्या एका सोमवारी शालन पिसाळ आली. तिला तिसरा महिना चालू होता. बरोबर सासू, तानूबाई. शालनने नियमाप्रमाणे ओला तळहात टेबलावर ठेवला आणि बाळाच्या पेशी त्यावर उतरल्या. सोनवलकरबाईंनी भिंगातून हजेरी घेतली. दोनशे चार होत्या.

"सगळ्या नळीतल्याच ना?"

"हो बाई," पेशी म्हणाल्या.

या वयात त्या स्वादुपिंडातल्या नळ्यांच्या भिंतीत दाटीवाटीने राहतात आणि अगदी एकसारख्या दिसतात. पुढे कोण काय होणार, ते कुणाचंच ठरलेलं नसतं.

"ज्यांना संप्रेरक खात्यात जायचंय त्यांनी हात वर करा."

पेशींना हात नसतात. त्या एका बाजूने किंचित फुगतात. कार्यालयात त्यालाच हात वर करणं म्हणतात. एरवी शंभरात पाच-सहा हात वर होतात, कारण जिचा हात आधी वर होतो ती शेजारणींना गप्प करते. त्या दिवशी दोनशे चारही हात एकदम वर झाले. कुणी कुणाला गप्प केलं नाही.

बाईंनी भिंग खाली ठेवलं. "यांना हे कुणी शिकवलं?"

शालनने सासूकडे पाहिलं.

"म्या," तानूबाई म्हणाल्या. "रोज संध्याकाळी सुनंच्या पोटापाशी बसून सांगते, समद्याजणी इन्सुलिनच्याच व्हा म्हणून. त्यात काय चुकलं?" त्यांनी उजव्या पायातली चप्पल काढली. पायाला दोन बोटं नव्हती. "अकरा वर्सं सुई टोचून घेते मी. माझ्या नातवंडावर ही पाळी नगं."

बाईंनी त्यांच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली. "बसा आजी. एकदा हुकूम घेतला की त्या पेशीला पुन्हा दुभंगता येत नाही. एकीच्या दोन होत नाहीत. आज मी दोनशे चार हुकूम लिहिले, तर बाळाला जन्मभर दोनशे चारच पेशी. नळ्या वाढवायला कुणी उरणार नाही. अन्न पचवणारा रस करायलाही कुणी उरणार नाही."

"मंग निम्म्यांना न्हाई म्हना की."

"वर झालेला हात खाली करायचा अधिकार मला नाही. तो तिचा तिने खाली घ्यायचा, नाहीतर शेजारणीने घ्यायला लावायचा. तोही साडेबारापर्यंत. त्यानंतर जितके हात वर, तितके हुकूम द्यावेच लागतात."

बाराला दहा मिनिटं कमी होती. शालन रडू लागली, पण तिने तळहात हलू दिला नाही.

तानूबाईंनी काढलेली चप्पल पायात सरकवली. मग त्या उठून सुनेच्या हातावर वाकल्या.

"पोरींनो, म्या तुमास्नी अर्धंच सांगितलं. मला सुईचं भ्या वाटतं, म्हणून बोलले. ज्यांना थांबायचं असंल त्यांनी थांबा. माझा राग न्हाई."

मग अंगठ्याजवळून बारीक आवाज आला.

"बाई, आता थांबलं तर नंतर हुकूम मिळतो का?"

"काहींना मिळतो. काहीजणी रस करतात. काही जन्मभर नळीची भिंतच राहतात."

"माझं काय होईल?"

"सांगता येत नाही," बाई म्हणाल्या. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी पेशींना खोटी आशा दाखवलेली मी ऐकलेली नाही.

"मला इन्सुलिनच करायचं होतं," ती म्हणाली. मग तिने हात खाली घेतला आणि शेजारणीला सांगितलं, "तू राहा वर. मी थांबते."

तिच्या पलीकडचीने ते ऐकलं आणि हात खाली घेतला. मग आणखी दोघींनी. बारा सत्तावीसला अकरा हात उरले होते.

बाईंनी सात हुकूम इन्सुलिनचे लिहिले, तीन ग्लुकागॉनचे आणि एक दोन्हींना आवर घालणारीचा.

"ग्लुकागॉन म्हंजी?" तानूबाईंनी विचारलं.

"साखर वाढवणारं. बाळ उपाशी झोपलं तर रक्तात साखर सोडायला कुणाला तरी सांगावं लागतं."

तानूबाईंनी विचार केला. "सुई जास्त झाली की मला दरदरून घाम फुटतो. असू द्या त्या तिघी."

हुकूम मिळालेल्या अकराजणी रांगेतून बाहेर पडल्या. त्यांना नळी सोडून द्यावी लागते आणि एकमेकींना धरून बेटासारखी वस्ती करावी लागते. रक्तवाहिनी मागाहून त्यांच्या दारापर्यंत येते. त्या करंगळीच्या बुडाशी जाऊन घट्ट बिलगल्या. तेवढं झाल्यावर शालनने मूठ मिटली.

सासू-सुना गेल्यावर बाईंनी नोंदवही पुन्हा उघडली. हात खाली घेणारीसाठी वहीत रकाना नाही. त्यांनी पुढची-मागची पानं चाळली आणि वही मिटून ठेवली.

पुढच्या महिन्यात शालन पुन्हा आली. तानूबाई या वेळी बाहेरच्या बाकावर बसल्या. पेशींच्या कानावर जाईल असं आता काही बोलायचं नाही, असं त्यांनीच ठरवलं होतं. पेशी चोवीस हजारांवर गेल्या होत्या. हजेरीआधी बाईंनी विचारलं, "मागच्या खेपेला अंगठ्याजवळ जिने पहिल्यांदा हात खाली घेतला, ती आली आहे का?"

"मीच ती," एक पेशी म्हणाली.

"मीच ती, बाई," दुसरी म्हणाली.

मग तळहातभर तोच आवाज येऊ लागला. त्यात कुणी भांडत नव्हतं, कुणी खोटंही बोलत नव्हतं. बाईंनी भिंगातून मोजल्या. महिनाभरात एकीच्या दोन, दोनाच्या चार होत ती एकटी एकशे अठ्ठावीस झाली होती. त्यांतल्या सातजणींचे हात वर होते, आणि त्यांच्या शेजारणी गप्प होत्या.

सोनवलकरबाई तपासणीला आलेल्या साहेबांसाठीसुद्धा खुर्ची सोडत नाहीत. त्या उठून उभ्या राहिल्या. म्हणून मीही उभा राहिलो. शालनलाही उठायचं होतं, पण तळहात टेबलावर असल्याने तिला उठता आलं नाही.

मग बाई खाली बसल्या, पेनाचं टोपण काढलं आणि इन्सुलिनचा पहिला हुकूम लिहायला घेतला.