उत्तर न आल्यास होकार समजावा

दिवस पहिला.
सचिवसाहेबांनी फाईल उघडली आणि चहाचा कप बाजूला ठेवला. नव्या सुधारणा आयोगाच्या अध्यक्षपदासाठी नाव सुचवलं होतं गोड्याचं! त्यांच्याच बॅचचा, सगळ्यांशी गोड बोलून पुढे सरकलेला गोड्या. आणि नऊ पानांचा अर्ज एका पानावर आणण्यात ज्यांची तीस वर्षं गेली, त्या साहेबांना खाली विचारलं होतं, ‘आपला अभिप्राय कळवावा.’

साहेबांनी समासात लिहिलं, ‘चर्चा करावी.’ फाईल खणात गेली.

“कोणाशी चर्चा, सर?” पीएने विचारलं.

“माझ्याशी.”

दिवस दुसरा.
विरोध लिहिला असता तर पोटातलं कागदावर आलं असतं. गप्प राहिलं की नुसता कामाचा व्याप दिसतो. गोड्या नवव्या दिवशी निवृत्त होणार होता, आणि नाव मंजूर व्हायचं तर माणूस नोकरीत हवा. मग यादीतलं दुसरं नाव. ते कोणाचं, हे साहेबांना रोज दाढी करताना दिसत होतं.

दिवस तिसरा, चौथा.
काही घडलं नाही. साहेब खूश.

दिवस पाचवा, घरी.
“तुमच्या बॅचच्या त्या भावजींचा फोन होता,” बायको म्हणाली. “किती गोड बोलतात हो! तुम्ही शेवटचं गोड कधी बोललात?”

साहेबांनी छाती चोळली.

“जळजळतंय?”

“ॲसिडिटी आहे!”

“हो का? भावजींचं नाव निघालं की नेमकी होते ती.”

दिवस सातवा.
“सर, खणातली ती फाईल... आज सातवा—”

“माझ्या खणात नाक खुपसू नका!”

पीएने नाक काढून घेतलं.

दिवस आठवा.
गोड्या दारातूनच हात पसरून आला आणि साहेबांना मिठीत घेतलं. “मित्रा, झालो की रे अध्यक्ष! तुझ्यामुळे!”

“माझ्या? मी तर काहीच...”

“तेच तर! बाकीच्या सगळ्यांनी शंका काढल्या. तू एक अक्षर काढलं नाहीस.”

साहेबांनी पीएकडे पाहिलं. पीएने जमिनीकडे पाहिलं. “सर, आपलाच नियम. सात दिवसांत उत्तर नाही, तर होकार समजावा. सकाळी पत्र आपोआप निघालं. आपल्या सहीचं.”

हा नियम करून घ्यायला साहेब तीन वर्षं भांडले होते. टाळ्याही घेतल्या होत्या. पण तो खिडकीबाहेर रांगेत उभ्या असलेल्या लोकांसाठी होता. खिडकीच्या आतही तो लागू होतो, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

“एक काम कर ना,” गोड्या विरघळत म्हणाला. “आयोगाचं पहिलं भाषण तुझ्या या नियमावरच करीन म्हणतो. तूच लिहून दे. देशील ना?”

साहेबांच्या छातीत पुन्हा पेटलं. तोंडून मात्र सवयीने निघालं, “बघू.”

पीएने वही उघडली. “सर, आजपासूनच सात दिवस धरू का?”