‘ऑनेस्टली’ म्हणणारा जावई

पोहे संपून चहा यायच्या आतच पोरगा तीनदा ‘ऑनेस्टली’ म्हणाला आणि अर्जुनरावांच्या मिशीचं डावं टोक हललं.

हे टोक साधंसुधं नव्हतं. तेलगावच्या अर्जुनरावांची उभी हयात बैलबाजारात दलाली करण्यात गेलेली. अंधारात नुसतं रवंथ ऐकून ते बैलाचं वय सांगत. एकदा एक खोंड आपल्याकडे बघून हसला, एवढ्यावरून त्यांनी तो नाकारला होता. ज्यानं घेतला त्याच्या गोठ्याचा खांब गळ्यात घेऊन तो खोंड पार परळीपर्यंत गेला म्हणतात. या सगळ्या विद्येचं सार इतकंच होतं: विकणारा ‘खरं सांगतो’ म्हणाला की बैलाचे दात बघायचे, ‘देवाशप्पथ’ म्हणाला की पाय बघायचे, आणि दोन्ही एका दमात म्हणाला की आपल्या चपला शोधायच्या.

आज मात्र दारात बैल नव्हता, चौसाळ्याचं स्थळ होतं. मुलगा अमरसिंह, सोबत त्याचे चुलते विठ्ठलराव. मुलगी अर्जुनरावांची एकुलती एक तेजश्री. विठ्ठलरावांनी बसतानाच सांगून टाकलं होतं, “आमाला चहा झाला की हो का न्हाई सांगा. दुसरीकडं बी बलावणं हाय.” अर्जुनराव तेव्हापासून मनात हिशेब मांडत होते. बैल चुकला तर पुढच्या बाजारात विकता येतो. जावयाचा बाजार कुठं भरतो?

“काम काय करता?” त्यांनी विचारलं.

“बेसिकली काका, मी बीडला बियाणाच्या कंपनीत हाय,” अमरसिंह म्हणाला. “टेक्निकली पर्मनंट हाय. फ्रँकली, पगार लई न्हाई, पण ऑब्वियसली वाढंल.”

“आन व्यसन?”

“ऑनेस्टली, सुपारीचं खांडबी न्हाई.”

आता मिशीचं उजवं टोकही हललं. पाणी आणायच्या निमित्तानं अर्जुनराव उठले आणि स्वयंपाकघरात शिरले. छबुबाई परातीत कणीक मळत होत्या. तेजश्री चहा गाळत होती.

“ऑनेस्टली म्हंजी काय गं?”

“प्रामाणिकपणे,” तेजश्री म्हणाली.

“मंग त्याच्या आदी जे बोलला, ते कसं बोलला?”

“आण्णा, इंग्रजीत वाद घालताना तसंच बोलतात. नुसतं म्हणणं मांडलं तर लेचंपेचं वाटतं. म्हणून आधी असा एक शब्द लावायचा, म्हंजी म्हणण्याला जोर येतो. बीडच्या क्लासात आमाला शिकवलंय की.”

“आन ऑब्वियसली?”

“उघडच हाय, असं.”

“उघड हाय तर सांगायलाय कावून? आन ते फ्रँकली?”

“मोकळेपणानं.”

“म्हंजी आतापस्तोर दावं बांधून बोलत व्हता. टेक्निकली?”

“नियमानं बघितलं तर.”

“कळलं. कागदावर बैल चारी पायांवर उभा हाय.”

“आवं, ते पोरगं हाय, बैल न्हाई,” छबुबाई कणकेवर मूठ आपटत म्हणाल्या. “चांगलं वळणाचं हाय. बोलू द्या की त्याच्या तोंडानं.”

पण अर्जुनरावांना आता दात बघितल्याशिवाय चैन पडणार नव्हती. सरळ जबडा उघडायला सांगणं बरं दिसलं नसतं, म्हणून त्यांनी परसातून उसाचं एक जाडजूड कांडं आणलं आणि अमरसिंहच्या हातात दिलं. “दातानं सोला. आमच्याकडं रीत हाय.”

“चहा येतोय न्हवं?” विठ्ठलराव चकित झाले.

“चहा पळून जात न्हाई.”

अमरसिंहनं कांडं सोललं, खाल्लं आणि चोयट्या निमूट बशीत ठेवल्या. दात खणखणीत निघाले. आता पाय राहिले.

“चला, गोठा दाखवतो. तुमी म्होरं व्हा.”

“डेफिनेटली काका.”

‘डेफिनेटली’ ऐकून अर्जुनराव खाली वाकले आणि मागून पोरग्याच्या टाचा बघू लागले. मागं कोणीतरी वाकून चालतंय म्हटल्यावर कुणाचंही पाऊल चुकेल. अमरसिंहनं वळून बघितलं, त्याचे कोरे बूट शेणावरून सटकले आणि स्थळ अख्खंच्या अख्खं गव्हाणीत जाऊन बसलं. गव्हाणीवरच्या म्हशीनं त्याला हुंगलं आणि कडबा खायचं थांबवलं.

“ऑनेस्टली काका, लागलं न्हाई,” असं म्हणत तो बाहेर आला, तो लंगडतच.

अर्जुनरावांचे डोळे बारीक झाले. लंगडणं नवं का जुनंच? बाजारात असंच असतं. जुना लंगडा बैल मुद्दाम दगडावर चालवतात आणि मग हळहळतात.

ओसरीवर आल्या आल्या त्यांनी विचारलं, “विठ्ठलराव, हे पायाचं कधीपासून?”

“कधीपासून म्हंजी? आमचं पोरगं येताना सरळ चालत आलतं!”

“टेक्निकली,” अर्जुनराव म्हणाले आणि स्वतःच दचकले.

विठ्ठलरावांनी टोपी डोक्यावर घातली. “उठतो आमी. हो का न्हाई, येवढं एका शब्दात सांगा.”

आतून चहाचा ट्रे घेऊन आलेली तेजश्री दारातच थबकली. तिचा चेहरा बघून अर्जुनराव पेचात पडले. नाही म्हणावं तर पोरगी हिरमुसणार, हो म्हणावं तर जन्माचा धोका. शब्दांवर तर विश्वास राहिलेला नाही. मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं.

बैलबाजारात किमतीचं तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचं आणि खाली बोटं दाबून भाव ठरवायचा. अख्खा पंजा दाबला की सौदा पक्का. आणि खोटं बोलणाऱ्याचा तळवा उपरण्याखाली हमखास घामेजतो, हे अर्जुनरावांचं गुपित होतं.

“बसा, विठ्ठलराव. पाव्हणं, हात द्या. आता इंग्रजी बंद.”

उपरण्याखाली त्यांनी पोराचा हात धरला. “नोकरी पक्की?” मान हलली, तळवा कोरडा. “व्यसन?” मान आडवी, तळवा कोरडा. “पाय?” कोरडा. अर्जुनराव सैल झाले.

“बेसिकली आण्णा,” तेजश्री न राहवून म्हणाली, “तुमी त्यांना उगाच छळायलात.”

अर्जुनरावांनी कान टवकारले. तीच चाल, तोच हेल. एका जुवात वाढलेले बैल मान एकाच बाजूला झटकतात. त्यांनी हळूच विचारलं, “पाव्हणं, आमच्या पोरीला आदी कुटं बघितलंय?”

उपरण्याखाली जणू पाट फुटला.

“तेजू, इकडं ये. हात दे.”

तिचा तळवा तर त्याहून ओला. “क्लासात वळख झाली,” ती खाली मान घालून म्हणाली. “वादविवादात मी ह्यांच्या इरुद्ध बाजूला असायचे. दर वेळी हरवलं ह्यांना.”

“दर वेळी? आन तरी मागणी घालायला आला?”

“ऑब्वियसली,” अमरसिंह म्हणाला.

हा शब्द पहिल्यांदाच अर्जुनरावांना बरा वाटला. ह्या घरात हरूनही मुकाट बसता येणं हीच मोठी लायकी, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? तेवढ्यात उपरण्याखाली तेजश्रीनं त्यांचा हात अख्ख्या पंजानं दाबला. बाजाराची भाषा पोरगी कधी शिकली कोण जाणे.

“सौदा पक्का,” अर्जुनराव म्हणाले. विठ्ठलरावांनी टोपी काढली.

पण एक शंका उरलीच. हे स्थळ सुचवलं कोणी? छबुबाईंनी. त्यांनी आत हाक मारली, “आगं, जरा ये. तुला ह्या वळखीचं ठाऊक व्हतं?”

छबुबाई आल्या. ना ‘खरं सांगते’, ना ‘देवाशप्पथ’. सरळ हात उपरण्याखाली घालून म्हणाल्या, “मला काय बी ठाऊक न्हवतं.”

तळवा एकदम कोरडा ठणठणीत. उभ्या बाजारात असा हात त्यांना लागला नव्हता. अर्जुनरावांचं समाधान झालं. आपली बायको साधी, हे त्यांनी मनोमन पुन्हा एकदा मान्य केलं, उपरणं उचललं आणि खांद्यावर टाकायला झटकलं.

उपरण्याच्या आतल्या अंगावर, कोरड्या पिठानं उमटलेला, अख्खा पंजा होता.